साखळीतली मापं

ड्रॉइंग ऑफिसात दोघं भाऊ होते. थोरला चेकर, धाकटा ड्राफ्ट्समन. थोरल्याच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय एकही ड्रॉइंग कारखान्यात जात नसे. बाणाचं टोक रेषेला टेकलं नाही, आकडा रेषेवर चढला, एकच माप दोनदा दिलं, की लाल गोल पडलाच. त्यानंच धाकट्याला इथे आणून चिकटवलं होतं, पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून शिकवलं होतं. घरही दोघांचं एकच होतं.

मग सेक्शनचे प्रमुख निवृत्त व्हायला आले आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "धाकट्याला बसवू या खुर्चीवर. हात चांगला आहे, माणसं सांभाळतो."

"अगदी योग्य," थोरला म्हणाला. त्यानं भावाची पाठही थोपटली. घरी मात्र दोन घासांवर पानावरून उठला.

त्याच आठवड्यात एका अवजड यंत्राच्या बैठकीचं काम घाईनं आलं. लांबलचक पोलादी चौकट आणि तिच्यात एका ओळीत भोकं. ज्या बोल्टांवर ती बसायची, ते काँक्रीटमध्ये आधीच पक्के केलेले. धाकट्यानं गिऱ्हाइकाच्या कच्च्या आराखड्यातली मापं जशीच्या तशी उचलली. पहिल्या भोकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं, अशी साखळी. कारखान्यात प्रत्येक माप थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं, पण साखळीत ते थोडं थोडं साठत जातं आणि शेवटचं भोक भलतीकडेच पडतं. म्हणून अशी मापं सगळी एकाच कडेपासून द्यायची. धाकट्याला हे माहीत नव्हतं असं नाही. घाईत निसटलं.

संध्याकाळी त्यानं घरच्या टेबलावर कागद पसरला. "दादा, एकदा नजर टाक ना. सकाळी जायचंय."

थोरल्यानं चष्मा लावला. त्याचं बोट पहिल्या मापावरून दुसऱ्यावर सरकलं, तिसऱ्यावर येऊन थांबलं. त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा ते तिथेच होतं.

"चुकलंय का काही?" धाकट्यानं विचारलं.

"नाही. अक्षर जरा सुधार."

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं अंगात कणकण आहे म्हणून रजा टाकली. "दादानं पाहिलंय," एवढ्या शब्दावर मोठ्या साहेबांनी स्वतः सही केली.

क्रेननं चौकट खाली सोडली तेव्हा अलीकडचे बोल्ट भोकांतून नीट वर आले. पलीकडचे पोलादाला खालून टेकून राहिले. यंत्र उघड्यावर पडून राहिलं आणि साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं.

"दादानं पाहिलं होतं, साहेब," धाकटा म्हणाला.

"मी?" थोरला म्हणाला. "मी तर रजेवर होतो."

"आदल्या संध्याकाळी, दादा. घरी, टेबलावर."

"ऑफिसचं काम मी घरी तपासत नाही. आणि तपासलं असतं, तर हे माझ्या नजरेतून सुटलं असतं?"

त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, हे सगळेच जाणून होते. मग थोरल्यानं कागद पुढे ओढला आणि शाळेतल्या पोराला समजवावं तशी साखळीतली चूक भावाला समजावून सांगितली. तो बोलत असताना धाकटा त्याच्या बोटाकडे पाहत राहिला. त्याला सगळं कळलं. तो पुन्हा तोंड उघडेना.

घरी बायको थोरल्याला म्हणाली, "तुमचं बोट त्याच मापावर होतं. मी पाहिलंय."

"तुला ड्रॉइंगमधलं काय कळतं?"

"ड्रॉइंगमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

"मग जा, सांग साहेबांना."

ती गेली नाही. तिला याच घरात राहायचं होतं. महिना उलटायच्या आत धाकट्यानं बायकोपोरांसह दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं.

खुर्ची थोरल्याला मिळाली. धाकटा नोकरी सोडून जाईल असं त्याला वाटलं होतं, पण असा डाग लागलेल्याला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? तो खाली मान घालून काम करत राहिला. भावाला साहेब म्हणू लागला. थोरला त्याचा प्रत्येक कागद दोनदा तरी परत पाठवायचा, तेही मोठ्यानं बोलून. सुरुवातीला लोक हसायचे. पुढे पुढे तिकडे बघेनासे झाले.

एकदा धाकट्यानं एका झाकणाचं ड्रॉइंग आणलं. थोरल्यानं ते कडेपासून कडेपर्यंत तपासलं. आडवी मापं सगळी एका कडेपासून, उभी सगळी दुसरीपासून, बाण रेखीव, कुठेही काहीही कमी नाही, जास्त नाही. त्यानं पेन्सिल उचलली आणि कोपऱ्यात लाल प्रश्नचिन्ह काढलं.

"साहेब, यात काय चुकलंय?"

"शोध."

धाकट्यानं सगळी मापं पुन्हा बेरजा करून पाहिली. सगळी जुळली. त्यानं पुन्हा बेरजा केल्या. जेवायलाही उठला नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "अरे, ठीक आहे की हे." पण धाकट्याला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा उरला नव्हता. शेवटी त्यानं एका ठिकाणी रबर फिरवलं आणि कागद घेऊन गेला.

"सापडलं, साहेब. या भोकाचं माप दोनदा आलं होतं. एक काढून टाकलं."

थोरल्यानं पाहिलं. माप दोनदा आलेलं नव्हतं. एक आडवं होतं, एक उभं, आणि दोन्ही लागत होती. आता ते भोक नेमकं कुठे पाडायचं, हे कारखान्यात कुणालाही सांगता आलं नसतं.

त्यानं तिथे ठळक लाल गोल काढला.

"बघा रे," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "इतकी वर्षं झाली तरी माप द्यायला विसरतो."

"चुकलं, साहेब," धाकटा म्हणाला आणि खरंच चुकलं होतं.