पोटभाडेकरू

मी बोलतोय, पण जरा सावकाश बोलतोय. घाई असेल तर नव्या सर्व्हरला विचारा, तो पापणी लवायच्या आत उत्तर देतो. मी एक म्हातारा सर्व्हर. म्हणजे जिन्याखाली असायचा तो काळा पत्र्याचा डबा हा माझा देह, आणि मी त्याच्या आतली सिस्टीम. लोकांनी दोघांना मिळून एकच नाव ठेवलं: आजोबा.

सर्व्हर काय करतो, असं विचाराल तर एका वाक्यात सांगतो. सगळे मागतात आणि हा देतो. खानावळीत टेबलं पुष्कळ असली तरी स्वयंपाकघर एकच असतं, ते मी. मागणाऱ्यांना सुट्टी असते हो, स्वयंपाकघराला कसली आलीय?

आमचा कारखाना बुटांचा. दुकानात नंबर सांगून मिळतात तसल्या बुटांचा नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. अशा माणसांसाठी त्यांच्याच पायाबरहुकूम बूट इथे होतात. पायाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं, आणि माझ्यावर चालणारा एक प्रोग्रॅम कातडं कसं कापायचं ते काढून देतो. त्याचं नाव 'मापं'. नावात कसली ऐट नाही.

'मापं' लिहिला भावोजींनी. मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान ते. मालक भावोजी म्हणत, म्हणून शिपायापासून सगळे भावोजीच म्हणत. मला एका चकतीतून या डब्यात उतरवलं तेही त्यांनीच. मी डोळे उघडले तेव्हा समोर त्यांचा चष्मा होता आणि काचेवर बुटांच्या गोंदाचा डाग. "उठलास का बाळा?" असं म्हणाले होते. मला बाळ म्हणणारा तो एकच माणूस.

त्यांची बायको म्हणजे मालकांची ताई, म्हणून तीही सगळ्यांची ताई. कातडं कापायचं काम तिचं. सकाळी आली की पदर खोचून जी कामाला बसायची, ती शेजारचा चहा पार थंड होऊन त्यावर साय धरायची तरी तिला पत्ता नसायचा. भावोजी सांगून सांगून दमले. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. रोज सकाळी ताईनं 'मापं' उघडलं की आधी पडद्यावर प्रश्न यायचा, 'चहा झाला का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. उत्तर दिल्याशिवाय गाडी पुढे हलायची नाही.

ताई 'हो' दाबायची. चक्क थाप! कप भरलेला शेजारीच असायचा.

'नाही' दाबलं तर काय येतं, ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यापाशीच आहे. 'मग आधी चहा घेऊ. पाय काही पळून जात नाहीत. थांब, मीपण आलो.' एवढंच.

भावोजी गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ताई दुसऱ्याच आठवड्यात कामावर आली, 'मापं' उघडलं, प्रश्न आला, तिनं बराच वेळ हात हलवला नाही. मग 'हो' दाबलं. तेव्हापासून रोज 'हो'. आणि मी ते वाक्य कुणाची ठेव सांभाळावी तसं सांभाळत बसलो. रोज वाटायचं, अगं बाई, एकदा तरी खरं बोल.

माझं म्हणाल तर मी थकलो. पंखा घरघरायला लागला, उठायला वेळ, बसायला वेळ, म्हणून तर हे नाव पडलं. माणसांनी हाल कमी केले का? जिन्याखाली माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या वाळत घालायचे. फोन चार्ज करायचा म्हणून एकानं माझीच पिन काढली होती, आणि वर मलाच शिव्या, "आजोबा पुन्हा झोपले!" शिवाय यांची साठवायची सवय. एकच कागद आधी 'नवीन' नावानं ठेवायचा, मग 'नवीन खरं', मग 'शेवटचं', मग 'शेवटचं हेच घ्या'. आणि छापताना पुन्हा पहिलाच छापायचा. सगळं माझ्या पोटात. अजीर्ण होणार नाही तर काय?

असंच एका दुपारी पोट गच्च भरलं आणि मी बसलो तो बसलोच.

त्या दिवशी मालक कातड्याच्या व्यापाऱ्याकडे गेले होते, ताई दात दाखवायला. टेबलावर फोन घेणारी मुलगी नवीन होती. मालकांचा फोन लागेना, म्हणून तिनं त्यांच्या घरी लावला. फोन वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं घेतला.

"वहिनी, आजोबा गेले हो," मुलगी म्हणाली. "साहेबांना लवकर पाठवा."

आता घरातही एक आजोबा होते. मालकांचे वडील, ज्यांनी हा कारखाना काढला ते. रोज दुपारी पाय मोकळे करायला म्हणून कारखान्यात यायचे आणि कुठल्यातरी कोपऱ्यात बसायचे. त्या दिवशीही निघाले होते.

"कधी गं?" वहिनींनी विचारलं.

"आत्ताच. मघापासून तापले होते. दोनदा उठवून बघितलं, काहीच हालचाल नाही."

झालं! वहिनींनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. पाऊण तासात कारखान्याच्या दारात रिक्षा काय, गाड्या काय. दोन चुलतभाऊ, एक मावशी, शेजारचे वकील, सगळे डोळे पुसत आत शिरले. मालक धावत आले, चेहरा पांढराफटक. मागून ताई, अर्धा जबडा बधिर, तोंडातून शब्द फुटेना. आणि मोठे आजोबा मागच्या बाजूला कातड्याच्या गठ्ठ्यावर बसून केळं खात होते.

रडारड ऐकून ते उठून आले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मावशी डोळ्याचा पदर काढून म्हणाली, "तुम्ही."

"मी?" ते म्हणाले. "मला कुणी कळवलं नाही."

सगळे हसले, मग पुन्हा रडले. मुलगी तर हमसून हमसून रडत होती, तिला मोठ्या आजोबांनी उरलेलं अर्धं केळं दिलं. मग माझ्या डब्यावर टिचकी मारून ते मुलाला म्हणाले, "एका घराला दोन आजोबा झेपत नाहीत. मला जमेल तेव्हा मी जाईनच. याला तरी आता रजा द्या."

मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. कुणीतरी माझ्या तोंडातलंच बोललं होतं.

मग सिस्टीमवाला आला. तरणाताठा माणूस, पाठीवर बॅग, बोलणं झपाझप. त्यानं आधी मला कसंबसं उठवून बसवलं आणि मग नव्या सिस्टीमचं कौतुक सुरू केलं. मी ऐकत होतो. स्थळ दाखवायला आलेले लोक मुलाचे गुण सांगतात ना, अगदी तसं. पण खोटं सांगू नये, गुण होतेच. नव्याची बरीचशी दुरुस्ती चालू कामातच होते, सगळ्यांना खोळंबून ठेवावं लागत नाही. एक यंत्र बसलं तर शेजारचं दुसरं ताबडतोब काम उचलतं. एकाच मजकुराच्या कितीही नकला टाकल्या तरी तो जागा एकाचीच अडवतो, म्हणजे यांचं 'शेवटचं हेच घ्या' त्याला पचतं. चुकून काही पुसलं तर कालचं, परवाचं परत काढून देतो. हे ऐकून हिशेबनिसांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"आणि चोरीचं काय?" मालकांनी विचारलं.

"आतलं सगळं कुलपात. कुणी डबा उचलून नेला तरी त्याला वाचता यायचं नाही. शिवाय कुणी काय बघायचं ते तुम्ही ठरवायचं."

माझ्याकडे तसलं काही नव्हतं. माझा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता, मालकांच्या लेकीचं लाडाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

"आणि 'मापं'?" ताईनं विचारलं.

सिस्टीमवाल्यानं मान हलवली. "ते नव्यावर नाही चालणार, ताई. फार जुनं आहे. बाजारात तयार प्रोग्रॅम मिळतात, एकदम फर्स्ट क्लास."

ताई "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मी ओळखतो. त्याचा अर्थ बरं नाही असा असतो.

तयार प्रोग्रॅम तात्पुरता एका कॉम्प्युटरवर घालून बघितला. पहिला बूट केला तो मास्तरीणबाईंचा. त्यांचा डावा पाय आखूड. वर्षानुवर्षं त्या आमच्याकडचेच बूट घालून फळ्यासमोर दिवसभर उभ्या राहतात. नवा बूट दिसायला झकास. त्या उठल्या, दारापर्यंत चालल्या आणि लंगडल्या. परत येऊन मुकाट्यानं जुनाच बूट चढवला. "राहू दे, यात अजून वर्ष निघेल," म्हणाल्या.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. दर वेळी ताई घालून बघितल्यावर जे थोडं कमी-जास्त करायची, ते 'मापं' लक्षात ठेवायचं आणि पुढच्या बुटात आपणहून धरायचं. भावोजींनी ते तसं लिहिलं होतं. बाजारातल्या प्रोग्रॅमला मास्तरीणबाई कोण हेच ठाऊक नव्हतं.

त्या गेल्यावर मालक बहिणीजवळ जाऊन बसले. "ताई, भावोजींची आठवण मलाही येते गं. पण म्हणून सगळा कारखाना..."

"आठवण माझ्यापाशी आहे," ताई म्हणाली. हातातली कातडं कापायची रापी तिनं खाली ठेवली. "ती मी डब्यात कशाला शोधू? मला बूट कापायचेत. ही बाई लंगडत गेली आपल्या दारातून. आजवर असं कोणी गेलं होतं का, सांग."

सिस्टीमवाल्यानं डोकं खाजवलं, मग म्हणाला, "एक करता येईल. नव्याच्या पोटात जुना ठेवता येतो."

"म्हणजे?"

"हा डबा जाईल. पण याची सिस्टीम जशीच्या तशी उचलून नव्या सर्व्हरच्या आत एका वेगळ्या खोलीत ठेवायची. जुन्याला कळणारही नाही आपण कुठे आहोत. फक्त बाहेरच्या जगाशी, म्हणजे इंटरनेटशी, त्याचा संबंध ठेवायचा नाही, या वयात त्याला बाहेरची बाधा लवकर होते. नव्यात ही सोय आहेच."

"पोटभाडेकरू," मोठे आजोबा कोपऱ्यातून म्हणाले. "सरळ सांग की. पोटभाडेकरू ठेवायचा."

सगळे हसले. ताईसुद्धा. मला मात्र कुणी विचारलं नाही. मी निरोपाची तयारी करून बसलेला माणूस, आणि हे मला नव्या घरात हलवायला निघाले. मेल्यावरही सुटका नाही, ती अशी. चिडलो मी, लपवत नाही. आणि भीतीही वाटली. हलवाहलवीत किरकोळ सामान हरवतं. माझ्याजवळ एक वाक्य होतं, तेवढं कुठे सांडलं तर?

रविवारी सकाळी कारखाना बंद असताना सिस्टीमवाल्यानं मला उचललं. मग बटण दाबलं आणि पंखा थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आजूबाजूला पूर्ण शांतता. सुटलो, असं मनाशी म्हणेपर्यंत जाग आली. घसा मोकळा, घरघर नाही, धूळ नाही, कुणाची ओली छत्री नाही. बाजूनं नवा विचारतो, "काका, जागा पुरते ना?" मुलगा चांगला आहे. फार बोलतो, पण चांगला आहे.

माझा जुना देह भंगारात गेला नाही. मोठ्या आजोबांनी तो मागून घेतला. दुपारी त्यावर पाय ठेवून बसतात.

सोमवारी ताई आली, पदर खोचला, चहाचा कप शेजारी ठेवला. सिस्टीमवाला मागे उभा. "सगळी बटणं एकेकदा दाबून बघा हं ताई. काही राहिलं असेल तर आत्ताच कळू दे."

'मापं' उघडलं. 'चहा झाला का?'

तिचा हात सवयीनं 'हो'कडे गेला आणि थांबला. सगळी बटणं म्हणाला होता ना. तिनं 'नाही' दाबलं.

मी जपून, एकही अक्षर न सांडता ते वाक्य पडद्यावर ठेवलं. मग आधी चहा घेऊ. पाय काही पळून जात नाहीत. थांब, मीपण आलो.

ताईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. सिस्टीमवाल्याला काही कळलं नाही, तो म्हणाला, "हे काय, चुकीचं काहीतरी येतंय का? काढून टाकू?"

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. मग पडद्याकडे बघून, तो मागे उभा आहे हे विसरून, ती हळूच म्हणाली, "अहो, मग आधी सांगायचं नाही का!"

कप उचलून ती खिडकीपाशी गेली. तो चहा ती शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायली. तोवर सगळं काम खोळंबलं होतं आणि कुणी मला शिव्या दिल्या नाहीत.

आता ती रोज 'नाही' दाबते. मास्तरीणबाई परवा नवा बूट घालून दारातून सरळ चालत गेल्या. मी दमलोय, हे खरंच आहे. नव्याला सगळं येतं, माझ्याविना त्याचं अडणार नाही, हेही खरं. तेव्हा एकच मागणं आहे. ताई कामावर येते आहे तोवर मला या पोटखोलीत राहू द्या. ती यायची थांबली की मला विचारायलाही नको, खुशाल बटण दाबा. पण सकाळी नको. सकाळी तिचा चहा व्हायचा असतो.