पहिला नंबर

माणसाला आजारी पाडण्यापलीकडे ज्याची कधी ख्याती नव्हती, तो विषाणू आता माणसाच्या पेशीत औषध पोचवू लागला, ही मानवजातीच्या इतिहासातली थोर घटना आहे. हेडक्लार्कला त्यात एकच गोष्ट थोर वाटली. तिथे यादी होती. आणि यादीत वर कसं सरकायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

त्याची मुलगी नऊ वर्षांची. पायांचे स्नायू झिजत चाललेले. जिन्यात तिसऱ्याच पायरीवर बसायची आणि वर, दमले नाहीये, नुसती बघतेय, असं सांगायची. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं : विषाणूचं स्वतःचं सामान काढून टाकायचं, तिच्यात बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत आत भरायची आणि रक्तात सोडून द्यायचा. चाचणी बारा मुलांवर. ज्याच्या तपासण्या आधी पुऱ्या, त्याचा नंबर आधी.

इतरांना महिना लागला. हेडक्लार्कने पाच दिवसांत उरकलं. रक्त काढणाऱ्याला तो साहेब म्हणाला, शिक्केवाल्याला भाऊ, आणि यंत्र बंद आहे म्हणणाऱ्याला चक्क मामा. तरी पहिला नंबर एका मास्तरीणबाईंच्या मुलाचा लागत होता. त्याचा एक कागद अपुरा आहे, हे हेडक्लार्कने अगदी सहज खिडकीवरच्या माणसाच्या कानावर घातलं. तो मुलगा नववा झाला.

संमतीपत्र एकोणीस पानांचं होतं. डॉक्टरीणबाई पान अकरावर दोनदा थांबल्या; त्याने दोनदा मान डोलावली. फुली आहे तिथे सही करा, हे तीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता. फुली दिसली, सही झाली. काय म्हणत होत्या, असं बायकोने विचारलं, तर म्हणाला, नेहमीचंच.

वर्षभरात मास्तरीणबाईंचा मुलगा दोन जिने चढू लागला. मुलगी पहिल्याच पायरीवर बसू लागली. हेडक्लार्क डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसला.

"पहिल्या तिघांना मुद्दाम कमी मात्रा देतात," त्या म्हणाल्या. "अपाय होत नाही ना, एवढंच पाहायला. पान अकरा."

"मग आता पुरती द्या."

"नाही देता येत. तिच्या शरीराला तो विषाणू आता ओळखीचा झालाय. पुन्हा सोडला तर औषध पोचायच्या आधीच शरीर त्याला संपवेल. आणि तिच्याही जिवावर बेतेल."

तो पुढे झुकला. आवाज खाली आणला.

"मॅडम, यात कोणाला भेटावं लागेल?"

"तिच्या रक्ताला," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

बाहेर मास्तरीणबाई भेटल्या. त्या कागदाचं तुम्ही लक्षात आणून दिलंत, नाहीतर आमचाच पहिला नंबर लागत होता, असं म्हणून त्यांनी हात जोडले. "त्यात काय एवढं," हेडक्लार्क म्हणाला.

पुढच्या महिन्यात चाकांची खुर्ची घरी आली. न्हाणीघराचं दार तिच्यापेक्षा दोन बोटं अरुंद निघालं.