एका तांड्याची दोन नावं

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पुसदच्या तहसील कचेरीतून नेमसिंगचा अर्ज परत आला. तो त्याच्या बापाच्या, खेमसिंगच्या हातात पडला. अर्ज मंजूर नव्हता, नामंजूरही नव्हता. अर्जदार सांगितलेल्या गावचा रहिवासी आढळत नाही, एवढाच शेरा होता.

१९६२ सालचा ऑगस्ट महिना. नेमसिंग यवतमाळला बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसत होता. नुसता बसत होता. फी भरलेली नव्हती. आदल्या वर्षीचा, प्री-युनिव्हर्सिटीचा खर्च त्याची आई जमनी हिच्या चांदीच्या कड्यांवर निघाला, आणि कडी एकदाच विकता येतात. विमुक्त जातींच्या मुलांसाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढचं शिक्षण होतं. तिच्यासाठी रहिवासाचा दाखला हवा होता. कॉलेजने शनिवारपर्यंत मुदत दिली होती. दाखला आला नाही तर नाव कमी होणार होतं.

कारकून घनश्यामबाबूंनी खेमसिंगला समोर बसवून अडचण सांगितली. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर गाव होतं गुलाबसिंग तांडा. चौकशीला आलेल्या साहेबाला मात्र बापाने स्वतःच्या तोंडाने गाव सांगितलं होतं प्रेमसिंग तांडा.

दोन्ही खरं होतं. बंजाऱ्यांचा तांडा नायकाच्या नावाने ओळखला जातो. नायक बदलला की तांड्याचं नाव बदलतं. नेमसिंग शाळेत गेला तेव्हा गुलाबसिंग नायक होता. तो दोन वर्षांपूर्वी वारला. पंचांनी त्याच्या पुतण्याला, प्रेमसिंगला नायक केलं. गुलाबसिंगचा मुलगा फुलचंद रागावून पाच-सहा घरं घेऊन नाल्यापलीकडे राहायला गेला, आणि त्या घरांनाच गुलाबसिंगचा तांडा म्हणू लागला. चौकशीचे साहेब तिथेही जाऊन आले होते. तिथे नेमसिंग नावाचा कुणी राहत नव्हता.

"मंग साहेबाले जुनं नाव काहून नाही सांगतलं?" जमनीने घरी विचारलं.

साहेब प्रेमसिंगच्या दारात, त्याच्याच खाटेवर बसले होते, आणि नायक शेजारी उभा होता. त्याच्या तोंडावर मेलेल्या नायकाचं नाव कसं घ्यायचं, असं खेमसिंगचं म्हणणं होतं.

"नायकाचा मान राह्यला," जमनी म्हणाली. "आता त्यालेच धाड कालेजात."

घनश्यामबाबूंनी तोड सांगितली होती. नायकाने कचेरीत येऊन बयान द्यावं, की हा तांडा तोच, फक्त नाव बदललं आहे. मंगळवारी खेमसिंग प्रेमसिंगकडे गेला. प्रेमसिंगने ऐकून घेतलं आणि चिलीम साफ करायला घेतली.

"आज मी सरकारात सांगतो का हा गुलाबसिंगचा तांडा," तो म्हणाला. "उद्या फुलचंद येऊन म्हणते, उठ माह्या बापाच्या खाटेवरून. मंग मी कुठं बसू? तुह्या घरी?"

खेमसिंग परतला. पुसदची खेप, यवतमाळची खेप, पुन्हा पुसद. पेरणीपासून त्याचं हेच चाललं होतं. निंदणाला माणूस नव्हता आणि कपाशीच्या पऱ्हाटीत गवत माजलं होतं. तो ओसरीवर आडवा झाला. नायकाकडे मग जमनी गेली.

"नायक, तुह्या तांड्यातला पयला बी.ए. होईन तो," ती म्हणाली. "लोक इचारतीन, कुठला हायेस बापा? तवा तो कोनाचं नाव सांगन? का फुलचंदचं सांगू म्हनू त्याले?"

प्रेमसिंगने खेमसिंगला निरोप धाडला, की बायकोला वकील कर, शेती सोड. पण बुधवारी तो पागोटं बांधून खेमसिंगबरोबर एस.टी.त बसला.

बुधवारी तहसीलदार दौऱ्यावर होते. दोघं दिवसभर कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून राहिले आणि शेवटच्या गाडीने परतले. गुरुवारी पुन्हा आले. दुपारनंतर बयान सुरू झालं.

"तांडा तोच हाय. नायक बदलला," प्रेमसिंग म्हणाला.

घनश्यामबाबूंनी तेवढं लिहिलं आणि मान वर केली. सरकारी कागदांत त्या तांड्याचा नायक अजून गुलाबसिंगच होता. प्रेमसिंग नायक आहे हे कशावरून धरायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुरापत नव्हती. ते थकलेले दिसत होते.

"तांड्यात कोनालेबी इचारा."

"तांडा कोनता, तेच तर ठरवून राह्यलो, नायक."

शेवटी त्यांनीच मार्ग काढून दिला. कागदावरच्या नायकाचा वारस फुलचंद आहे. आमचा तांडा म्हणजे हाच, आणि आता प्रेमसिंग नायक, एवढं त्याने येऊन सांगितलं तर तहसीलदार त्याच दिवशी सही करतील. शनिवारी कचेरी अर्धाच दिवस उघडी असते, हेही त्यांनी सांगितलं. दाखला निघाला तर दुपारच्या गाडीने यवतमाळला पोचवता येणार होता.

बाहेर आल्यावर प्रेमसिंग म्हणाला, की फुलचंदच्या दारात तो पाय ठेवणार नाही, खेमसिंगने हवं तर जावं.

शुक्रवारी खेमसिंग नाला ओलांडून गेला. फुलचंदने पाणी दिलं, बाजेवर बसवलं. नेमसिंग कोणता विषय घेऊन शिकतो ते विचारलं. खेमसिंगला सांगता आलं नाही.

"पोराचं मी नाही अडवत," फुलचंद म्हणाला. "पन प्रेमसिंग नायक, हे माह्या तोंडानं पायजे?"

"हो. तेच पायजे."

"सरकारात?"

"सरकारात."

फुलचंदने नाल्यापलीकडे पाहिलं. तिकडे प्रेमसिंगच्या दारात कुणी गुरं सोडत होतं. मग, उद्या येतो, असं तो म्हणाला. येतोच, असं म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी नेमसिंग यवतमाळला पहिल्या तासाला हजर होता आणि हजेरीत त्याचं नाव पुकारलं गेलं. पुसदला बारा वाजेपर्यंत फुलचंद कचेरीत आलेला नव्हता. तांड्याच्या वाटेने महागावकडून येणारी गाडी उशिरा धावत होती.