मुलुंडच्या रक्तपेढीतला संगणक

मित्रांनो, कपाटाएवढा आणि गारव्याशिवाय न चालणारा असा मी एक जुना संगणक आहे. एकोणीसशे सत्त्याऐंशी साली मुलुंडच्या एका रक्तपेढीत मला आणलं, तेव्हा मी दारातून आत जाईना. शेवटी चौकट काढावी लागली.

माझ्या डिस्कवर रक्तदात्यांची नावं, पत्ते, फोन नंबर, रक्तगट असत. एकाच फोनचा नंबर कितीतरी नावांपुढे दिसे. असं का, याचं मला भारी कुतूहल वाटे.

डिस्कवरून माहिती काढायला वेळ लागायचा. म्हणून नेहमी लागणारी माहिती मेमरीत हाताशी ठेवत. त्या जागेला कॅश म्हणत. आमचा इंजिनियर शिवदास मोठा हौशी. एका सकाळी त्याने जवळजवळ सगळी मेमरी कॅशला देऊन टाकली. एकट्यानेच बसून चार नावं शोधली, ती झटकन आली. "झकास," तो म्हणाला आणि मीही फुशारलो.

दुपारी मला जोडलेली सगळी टर्मिनल्स, म्हणजे टेबलाटेबलावरचे पडदे आणि कळफलक, सुरू झाली आणि माझी वाट लागली. प्रत्येकाच्या कामाला मेमरी हवी, ती तर शिल्लकच नाही. एकाचं काम डिस्कवर ठेव, दुसऱ्याचं उचल, यातच मी मेटाकुटीला आलो. नेमका तेव्हाच रुग्णालयातून फोन आला. माहुलची सगुणा कोळी बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट बॉम्बे. या दुर्मीळ गटाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही. पेढीत ते नव्हतं. दाता शोधायचा होता आणि मी नुसता खडखडत होतो.

"कॅश अजून वाढवतो," शिवदास म्हणाला.

"थांब रे," त्याच्यासोबत काम करणारी मृणालिनी म्हणाली. "डिस्कचा आवाज ऐक ना. ओट्यावर सगळे डबे मांडून ठेवलेस, आता पोळ्या लाटायच्या कुठे?"

"कमी करायची तर ही सगळी नावं सांभाळणारा डेटाबेस बंद करावा लागेल. पुन्हा सुरूच नाही झाला तर?"

"तर दोघं मिळून निस्तरू. कर बंद."

मला फार भीती वाटली. पण कॅश निम्म्याहून कमी करून त्यांनी मला पुन्हा चालू केलं, तेव्हा कसं मोकळं मोकळं वाटलं. पाहता पाहता नाव सापडलं. दत्ताराम, बोरिवली. मृणालिनीने नंबर फिरवला, तर फोन चाळीतल्या अंजनाबाईंनी उचलला.

"धरून ठेव गं, बोलावते त्याला. अख्ख्या चाळीला हाच एक फोन आहे," त्या म्हणाल्या. माझं कोडं असं सुटलं.

दत्ताराम धावत आला आणि सगुणा वाचली. मुलगी चालायला लागल्यावर ती तिला घेऊन पेढीत आली नि म्हणाली, "माझं पण नाव घाल ना यात." मृणालिनीने ते लगेच घातलं.

आता माझ्या जागी छोटा, चपळ संगणक आला आहे. सगळी नावं त्याच्यावर उतरवून झाली, सगुणाचंही. मला भंगारात देणार आहेत, याचं वाईट वाटतं. पण मित्रांनो, त्या नव्या संगणकाची मेमरी हौसेने काठोकाठ भरू नका. कुठेतरी कुणी अडलेलं असतं, आणि फोन कधी येईल ते सांगता येत नाही.