नंबर लावलेला हंडा

मित्रांनो, ज्याच्या गळ्यात हात टाकून तुम्ही फोटो काढता, तो लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, दिव्यांच्या माळा गुंडाळलेला मी एक जुना हापसा. फोटो झकास येतो म्हणतात. माझं मात्र डोकं फिरलेलं आहे, आणि ते का, हे आज सांगूनच टाकतो.

कोल्हारच्या अलीकडे, हमरस्त्याला चिकटलेलं आमचं गाव. मी आलो तेव्हा इथे एक चिंच होती आणि बाकी सगळी धूळ. बोरच्या गाडीनं एवढं खोल भोक पाडलं, की खालून कुणीतरी ओरडलं, "कोन हाय रं वर?" खोटं वाटत असेल तर चिंचेला विचारा. आता ती तोडली, त्याला मी काय करू?

मग माझे दिवस आले. पाण्याला जोर असा, की फांदीवरचे कावळे आंघोळ उरकून जात. पहाटेपासून हंड्यांची रांग. बाया घरी गेल्या तरी हंडे रांगेत उभे, आणि मालकीण समोर नाही म्हणून कुणी हंड्याचा नंबर मोडत नसे. समोरच्या केशरबाईंची चहाची टपरी तर माझ्याच पाण्यावर उभी राहिली.

पुढे गाव फुगलं. उसाच्या रानात प्लॉट पडले, जिम आली, एटीएम आलं, घरोघर नळ आले. एटीएममध्ये पैसे नसतात, नळाला पाणी नसतं. उद्घाटन मात्र दोन्हींचं झालंय. या धामधुमीत माझं आतलं पाणी ओढणारं वायसर झिजलं, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. घाम गळेपर्यंत हापसावं तेव्हा चूळभर पाणी. केशरबाई तेवढ्यावरच पातेलं भरत. विकतचा जार घेऊन चहा विकणं त्यांना परवडणार कसं?

एके दिवशी ग्रामपंचायतीचे भिमाजी मेंबर मोजायची टेप घेऊन आले. मला उपटून तिथे गावाच्या नावाची चमकती अक्षरं बसवायची होती. केशरबाई चहा उकळता टाकून धावल्या.

"भिमाज्या, हात तर लाव हापशाला! तुज्या बारशाचं पानी हितनंच नेलंय!"

"मावशे, गाव सुधारतंय. आता हापसा कोन वापरतंय?"

"मी वापरती. अन् तुज्या नळाला पानी येईल त्या दिवशी सगळ्या गावाला फुकट च्या पाजीन, जा!"

माणसं खो-खो हसली. मेंबर ओशाळले. "बरं बाई, ऱ्हाऊ दे हापसा. त्याला बी सजवून टाकू."

"सजव न्हाई तर नको सजवू, वायसर तेवढं घाल," केशरबाईंनी बजावलं.

मी हुरळून गेलो. योसेफ मिस्त्री पिशवी घेऊन आला, तेव्हा वाटलं, आलं वायसर! त्यानं काढलं वेल्डिंगचं मशीन.

"मेंबर, वायसर घालून चालूच करून देऊ का? लई काम न्हाई," तो बिचारा म्हणाला.

"नको बाबा. पानी सांडलं की नव्या लाद्या घान होत्यात. दांडा पक्का करून टाक."

पाणी सांडतं म्हणून हापसा बंद! हे ऐकून खालचा तो ओरडणारासुद्धा गप्प झाला असेल.

फीत कापली, टाळ्या झाल्या, 'जुन्याचा सन्मान' म्हणून भाषण झालं. गर्दी पांगल्यावर केशरबाई हंडा घेऊन आल्या. दांडा दाबला. हलेना. अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळल्या, तरी हलेना. वेल्डिंगच्या डागावर त्यांनी बोट फिरवलं.

"तुजं तोंडच बांधलं व्हय रं," त्या हळूच म्हणाल्या. मग हंडा माझ्या तोंडाखाली ठेवून फोटोसाठी मागे रेंगाळलेल्यांवर कडाडल्या, "कुनी उचलायचा न्हाई! नंबर हाय माजा!"

तेव्हापासून हंडा तिथेच आहे. पाण्यावाचून टपरी अर्धा दिवस बंद असते.

मित्रांनो, माझ्या पायाखाली अजून पाणी आहे. मला रंग नको, माळा नकोत. योसेफचं घर चर्चच्या मागे आहे. त्याला कटर आणि एक वायसर घेऊन ये म्हणावं. तोवर खुशाल फोटो काढा. पण फोटोत वाईट दिसतो म्हणून तो हंडा बाजूला सारू नका. या गावात हंड्याचा नंबर आजवर कुणी मोडलेला नाही.