पितर जाईपर्यंत

सुखदाचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता, जन्मापासून. पुण्यात शाळेत, कॉलेजात, नात्यातल्या लग्नात ती एक तर भिंतीला टेकून उभी राहायची, नाही तर कोणी बघत नाहीसं पाहून चालायची. नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला आली आणि यशवंतपूरच्या बाजारामागे एका गाळ्यात तिला बूट शिवणारा मंजुनाथ भेटला. त्यानं तिच्या पायाचा लाकडी साचा केला आणि आतून उंच, बाहेरून साधा दिसणारा बूट शिवून दिला. त्या दिवशी ती गाळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत न लंगडता चालत गेली आणि भर रस्त्यात रडली.

अवधूत, तिचा नवरा, आयटीतला. बायकोची चाल बघून त्याला असा काही चेव आला की नोकरीला रामराम ठोकून तो मंजुनाथचा भागीदारच झाला. आखूड पायाची, वाकड्या पायाची माणसं गावोगाव असतात. ती बूट शोधतात कुठे? फोनवर. म्हणजे आपली वेबसाइट हवी. अवधूतनं ती बनवली, ती नेमकी पितृपक्षात तयार झाली. सुखदा हटून बसली, या पंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नाही. मग खंडेनवमीला, इकडच्या आयुधपूजेला, मंजुनाथच्या आरी-हातोड्याशेजारी लॅपटॉप मांडला, त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मंजुनाथनं दारात कोहळा फोडला. झालं, दुकान जगाला उघडलं.

आणि तिकडे काळं कुत्रं फिरकेना.

बरं, कष्टात कसूर म्हणावी तर तीही नाही. अवधूतनं आधी पहिल्याच पानावर मोठ्या दिमाखात 'ऑर्थोपेडिक फुटवेअर सोल्यूशन्स' असं ठोकून दिलं होतं. सुखदा भडकली. "माझ्या आईनं उभ्या जन्मात हे शब्द काढले असते का रे? ती 'मुलीचा एक पाय आखूड आहे, बूट कुठे मिळेल' असंच विचारत फिरायची." शोधणारा माणूस आपलं दुखणं आपल्या शब्दांत लिहितो, हे सुखदाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं एकेक पान नव्यानं लिहिलं, मराठीत, इंग्रजीत, आणि शेजारच्या श्रीविद्याला बसवून कन्नडमध्ये. प्रत्येक पानाला सरळ मथळा दिला, प्रत्येक फोटोखाली तो कशाचा ते लिहिलं.

मग पैसे भरून जाहिरात दिली. तेव्हा मात्र फोन आले. शाळेचे काळे बूट घाऊक मिळतील का, क्रिकेटचे आहेत का, लग्नातली मोजडी आहे का! नको ते शब्द जाहिरातीतून आधी वगळायचे असतात, हे कळेपर्यंत जाहिरातीचे पैसे संपले. त्यानंतर फोन मुका झाला तो झालाच.

"आपण नवे आहोत. गूगलवर वर यायला सहा-सहा महिने लागतात," अवधूत म्हणायचा. जिथे वाचावं तिथे हेच लिहिलेलं, धीर धरा. म्हणून तो धीर धरून बसला. रोज साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा, ती उघडली की त्याचं समाधान. अहो, आपल्या किल्लीनं आपलं घर उघडलं म्हणजे दार पाहुण्याला उघडं आहे असं थोडंच होतं? पण सांगणार कोण.

मंजुनाथ रोज यायचा. साचे पुसायचा, चामडं उन्हाला लावायचा, परत घडी करायचा.

"अक्का, फोन?"

"नाही, अण्णा."

"सरी."

सरी, म्हणजे बरं. यापलीकडे एक शब्द नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर सुखदाला बरं वाटलं असतं. ती घरी येऊन पान पुन्हा वाचायची, एखादा शब्द बदलायची, पुन्हा वाट बघायची. हा गाळा गेला की मंजुनाथ जाणार, मंजुनाथ गेला की पायातला हा जोड झिजेल, आणि मग आहेच ती भिंत. हे ती अवधूतलाही बोलली नाही.

शेवटी गाळा सोडावा लागला. अवधूतला पुण्यात नोकरी मिळाली, तो पुढे गेला. मंजुनाथला त्याच्या मेहुण्यानं आनेकलजवळच्या कारखान्यात लावून दिलं, खोकी चिकटवायच्या कामावर. जाताना त्यानं सुखदाचा साचा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला. "तुमचा पाय तुमच्याकडे असू दे, अक्का," म्हणाला.

मागे राहिली ती आवराआवर. एका दुपारी सुखदा लॅपटॉप घेऊन बसली. कुणी चुकून साइट बघून आशेनं फोन करायला नको. साइट शोधात दिसू नये अशी काही सोय असते का, म्हणून तिनं सेटिंग उघडली. सोय होती. 'सर्च इंजिनपासून ही साइट लपवा.' समोर एक चौकोन.

चौकोनात खूण आधीच होती.

तिनं डोळे पुसून परत पाहिलं, आणि सगळं आठवलं. पितृपक्षात ती हटून बसली होती तेव्हा अवधूतनं हसत हसत एक बटण दाबलं होतं. "घ्या, पितर जाईपर्यंत झाकून ठेवतो." पितर कधीच जेवून गेले. लॅपटॉपला कुंकू लागलं, कोहळा फुटला, आणि ती खूण काढायची राहिली ती राहिलीच. काखेत कळसा नि गावाला वळसा! इतके महिने एकेक शब्द घासूनपुसून तिनं बंद दाराच्या आत मांडला होता, आणि दार लावायला लावलं होतं तिनंच. सुखदा दोन्ही हातांनी तोंड दाबून ओरडली. मग तिनं खूण काढली. आता काढून काय उपयोग, हे कळत असूनही काढली.

पुण्याला जायचा दिवस जवळ आला, घरभर खोकी बांधून झाली, तेव्हा फोन वाजला.

"अक्का, मी चंपा बोलतेय, के. आर. पुरमहून. आम्ही मूळचे खानापूरकडचे. माझ्या पोरीचा एक पाय आखूड हाय. मराठीत लिहिलेलं तुमचं पान आज दिसलं बघा मला. दसऱ्यापासनं शोधतेय मी. कुठं कायच घावंना. पोरं तिच्या चालीची नक्कल करतात, आता तिनं शाळाच सोडलीय. दुकान चालू हाय नव्हं?"

सुखदा खाली आपल्या पायांकडे बघत राहिली.

"चालू आहे," ती म्हणाली. "आजच उघडलंय."

तिनं बांधलेलं खोकं फाडून साचा काढला, पिशवीत घातला आणि आनेकलची बस धरली. कारखान्याच्या फाटकाशी ती उभी राहिली. पाळी सुटली, गर्दीतून मंजुनाथ आला. बोटं डिंकानं पांढरी झालेली. तिला बघून तो थबकला.

"अक्का, फोन?"

"आला, अण्णा."

या वेळी त्याला 'सरी' म्हणवेना. तो तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसला, पँटला हात पुसत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"कुठला पाय?" त्यानं विचारलं.