टाचेपाशीची फट

आई गेल्यावर तिच्यावरचं कॉमिक घरच्या घरी करायचं ठरलं, तेव्हा कामाची वाटणी न भांडता झाली. या घरात असं क्वचितच घडायचं. ताई गोष्ट लिहायची आणि पेन्सिलीने चित्रं काढायची. मामा त्यांवर शाईने रेघा ओढायचा. भावोजी फुग्यांमध्ये संवाद घालायचे. रंग मात्र धाकटीचे. ती रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिच्या मते जगातल्या निम्म्या लोकांना पिवळा आणि मोहरी यांतला फरक कळत नव्हता. रंग खरा दिसावा म्हणून ती खोलीचे पडदे ओढून, दार घट्ट लावून कामाला बसायची. प्रकाशक कोणी नव्हता. कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात एक टेबल मिळालं होतं आणि तोवर पुस्तक छापून व्हायला हवं होतं.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. अंगात मोहरी रंगाचा स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा, आणि दुकानाचं दार काचेच्या एका जाड ठोकळ्याने कायम अर्धं उघडं अडवलेलं. बंद जागेत तिचा जीव घुसमटायचा. थंडीत गिऱ्हाइकं कुडकुडत, कुरकुरत, पण ठोकळा काही हलायचा नाही.

मामाच्या पानांत एकच खोट होती. कॉम्प्युटरवर आकृतीच्या आत क्लिक केलं की रंग पसरत जातो आणि रेघ लागली की थांबतो. रेघेत फट राहिली तर तो बाहेर पडतो आणि बघता बघता सगळं पान भरून टाकतो. मामा डाव्या टाचेपाशी केसाएवढी फट ठेवायचा. आणि फक्त आईच्याच.

“मामा, रेघ पुरी करत जा की रे! तिच्या स्वेटरचा रंग पार रस्त्यापर्यंत जातो,” धाकटी म्हणाली.

“जाऊ दे. तिला भटकायची हौस होतीच.”

“मी गंमत करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतोय?” मामाने ब्रश फडक्याला पुसला. “तिला चहूबाजूंनी बंद करायला माझा हात धजत नाही, बाई.”

“चष्म्याचा नंबर बघून ये एकदा. आता सवलत मिळणार नाही म्हणा.”

ताईला हसू आलं, आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटून ती पेन्सिलीला टोक करत बसली.

मामाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. धाकटीने आपल्या खोलीत जाऊन प्रत्येक पानातल्या फटीवर एकेक काळा ठिपका ठेवून दिला. रंग जागच्या जागी राहिला. कोणाला सांगायचं कारणही नव्हतं.

त्यांतलं एक पान आई संध्याकाळी दुकानातून निघते त्याचं होतं. शेवटच्या चौकटीत नुसतं रिकामं स्टूल. छपाईला द्यायच्या आधी धाकटीने ती फाइल परत उघडली, तर स्टुलावर आई बसलेली.

“ताई, शेवटच्या चौकटीत आईला कशाला बसवलंस?”

“मी? वेडी आहेस का? स्टूल रिकामं आहे माझं.”

ताईने कागद काढून दाखवला. पेन्सिलीतलं स्टूल रिकामं, त्यावरून फिरलेली मामाची शाईही रिकामी.

“तूच कुठून तरी उचलून चिकटवली असशील,” भावोजी म्हणाले, “आणि आता आमच्यावर ढकलतेस.”

धाकटीने प्रयोग केला. त्या पानाच्या दोन न रंगवलेल्या प्रती काढल्या. एकीत फट बुजवली, दुसरीत राहू दिली, आणि दोन्हींना हात न लावता ती कामावर गेली. परत येऊन पाहिलं तर उघड्या फटीच्या पानात स्टूल रिकामं होतं. बुजवलेल्या पानात आई बसली होती, चष्मा कपाळावर सरकवून. दुसरी पानं घेऊन पाहिली, तरी तेच. आई जिथून निघून जायला हवी होती, तिथेच थांबली होती.

भ्यायला हवं होतं. धाकटीने खुर्ची पुढे ओढली.

आई गेल्यापासून तिला तो चेहरा नीट आठवेनासा झाला होता. प्रत्येक फोटोत चष्म्यावर उजेड चमकत होता आणि डोळे नेमके त्याच्यामागे. इथे डोळे होते. कानाखालचा तीळही होता, जो ताईने कधी काढला नव्हता. धाकटी चहाचा कप घेऊन त्या पानासमोर बसू लागली. छपाईचं विचारलं की म्हणायची, “अजून रंग बसत नाहीये.”

एकदा भावोजी दारातून डोकावले. “अगं, शेवटच्या चौकटीत फुगा कोणी काढला? शेपूट स्टुलाकडे आहे आणि आत अक्षर नाही. काही लिहायचंय का?”

“नको,” ती पटकन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फुगा मोठा झाला होता. मग आई उभी राहिली. तिचं तोंड उघडं होतं, फुगा अजून कोराच. बाहेरची रेघ तिच्या अंगाला आवळून आली होती आणि दोन बोटं स्वेटरच्या गळ्यात अडकवून ती तो सैल करू पाहत होती. मोहरी रंग गाळ साचल्यासारखा काळपट झाला होता. ती धाकटीकडे बघतच नव्हती. खाली, आपल्या टाचेकडे बघत होती.

“बुजवलीस ना?”

मामा कधी आत आला ते तिला कळलं नव्हतं.

“हो.”

“उघड.”

“उघडली तर जाईल ती, मामा.”

मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. आपल्या बहिणीला कितीतरी दिवसांनी बघावं तसा. “आणि नाही उघडलीस तर? नीट बघ तिच्याकडे,” एवढंच म्हणून तो बाहेर गेला. दार त्याच्यामागे आपोआप लागलं.

बाकीची पानं तिने भराभर केली. ठिपका पुसायचा, पुढचं पान. मागे वळून बघायचंच नाही. शेवटी तेवढं एक राहिलं. आईने गळ्यातली बोटं काढून हात खाली सोडले होते आणि ती वाट बघत होती.

धाकटीने ठिपका पुसला.

टाचेपासून रंगाची बारीक धार निघाली. ती फरशीवर आली, काउंटरवर चढली, चष्म्यांच्या फ्रेमच्या मांडणीतून गेली, चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्यांतून समासात उतरली. फुगा विरला. स्टूल रिकामं झालं. धाकटीचं बोट माघारी फिरवायच्या बटणावर होतं. एकदा दाबलं की आई परत स्टुलावर. पानाच्या कडेला रंग थांबतोच, त्यापुढे भरायला काही नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो थांबला नाही. स्क्रीनची काळी कड मोहरी झाली, मग तिच्या बोटांची पेरं, मग टेबलाची कड. ओढलेल्या पडद्यांच्या अंधारात तो फरशीवरून सरकत गेला आणि बंद दारापाशी जाऊन अडला.

धाकटीने बोट उचललं. उठून तिने दार उघडलं, आणि ते परत लागू नये म्हणून अडवायला काही जड मिळतं का, ते शोधू लागली.